भुईआवळ्याचा उतारा

जिदहफ्स, बहरीन
शुक्रवार, १७ जानेवारी २०२५

हुदा,

अस्सलामु अलैकुम. तू खुशाल असशील, घरी सगळे बरे असतील, तुझ्या अम्मीचे गुडघे या थंडीत फार दुखत नसतील अशी उमेद. आम्ही इकडे ठीक. तुझ्या नावाआधी 'प्रिय' लिहून खोडलंय, ते दिसेलच. दुसरा कागद घ्यायला उठलो असतो, पण तेवढ्यात राग निवला असता, आणि राग निवलेला मला नकोय.

फोन करू नको म्हणालीस. मेसेज करू नको म्हणालीस. नंबर ब्लॉक केलास. पत्र लिहू नको असं काही म्हणाली नव्हतीस. शेजारच्या फ्लॅटमधला ताहिर उद्या सुट्टीवर गावी निघालाय. मामूच्याच वर्कशॉपमध्ये सुतारकाम करतो. त्याच्या हाती देतोय. जवाब लिहिलास तर तोच घेऊन येईल.

माझं सगळं ज्या क्षणी उलटंपालटं झालं तो क्षण मला घड्याळासकट माहीत आहे. रविवार, ५ जानेवारी, दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. मामू जेवून उठला, हात धुतले, हॉस्पिटलची निळी फाईल उचलली आणि फ्रिजच्या वर टाकून दिली. म्हणाला, "खलास. त्या डॉक्टरणीला सांग, मी येत नाय. आमच्या हुदानं उतारा काढलान."

खिजरमामूला लिव्हरचा कॅन्सर आहे. नोव्हेंबरात कळलं. ज्या माणसानं आयुष्यात दारूचा वास घेतला नाही, सत्तावीस वर्षं या मुलखात लोकांच्या घरांना दारं बसवली, त्याच्या लिव्हरला गाठ! आणि इथली आपलीच माणसं जुम्म्याला मशिदीबाहेर कुजबुजतात, "पीत असंल चोरून." एकाची कॉलर धरली मी. मामूनंच सोडवली. डॉक्टरीण म्हणाली, डायबिटीस आणि लिव्हरवर वर्षानुवर्षं साचलेली चरबी, दारूशिवायही होतं. हे मी कोणाकोणाला सांगत फिरू?

तिनं इलाज ठरवला होता. मांडीतल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी लिव्हरपर्यंत न्यायची, गाठीतच औषध सोडायचं आणि तिचा रक्तपुरवठा तोडायचा. ८ जानेवारीची तारीख होती. तीन दिवस! तीन दिवस आधी तुझा उतारा आडवा आला.

आता मला सांग, तो फोटो काढून घेताना तुला लाज कशी नाही वाटली? तू आणि तुझे सर, मध्ये भुईआवळ्याची कुंडी, वर मथळा: 'रत्नागिरीच्या कन्येचा शोध, भुईआवळ्याने बरा होणार यकृताचा कर्करोग'. बरा होणार! कुठे लिहिलंयस तू असं? तुझा रिसर्च पेपर मी वाचलाय. तीनदा. बी.फार्म. तिसऱ्या वर्षाला सोडलं म्हणून मी काही अडाणी झालो नाही. त्यात बरा-बिरा काही नाही. ताटलीतल्या पेशी आहेत, त्यातल्या किती मेल्या त्याचे आकडे आहेत. मग पेपरवाल्याला फोन करून सांगितलंस का, की हे खोटं छापलंत? नाही सांगितलंस. फोटो छान आला होता ना.

त्याच्यावर आणखी म्हणजे कोणीतरी तुझ्या पेपरातला मजकूर मराठीत उतरवला. त्या कागदाचा फोटो इथल्या सगळ्या कोकणी ग्रुपवर फिरला. इथं बाजारात अलीमियाँ म्हणून एक जण आहे, गावी सामान पाठवण्याचं काउंटर चालवतो. त्यानं गावाकडून भुईआवळ्याची पावडर मागवली आणि डब्यांत भरली. डब्यावर काय आहे माहितीय? तुझा फोटो. सरांना कापलंय, कुंडी ठेवलीय. शरीफुन्निसामामी रोज फजरच्या नमाजानंतर दोन चमचे पावडर कोमट पाण्यात कालवते, दुआ पढून त्यावर फुंकते आणि मामू तुझ्या तोंडाकडे बघत ते पितो.

ताहिर चेष्टा करतो, "मना उतारा म्हटला की तलाठीच आठवतो. हुदाबाईनं लिव्हरचा सातबारा काढलान काय?" मामूला हसू येत नाही. मामूला उतारा म्हणजे एकच. साप चावला, विंचू चावला, विष पोटात गेलं की त्यावर देतात तो. आणि तो म्हणतो, हुदानं माझ्यासाठी पाठवलान. आजारी माणूस, काय वाट्टेल ते बोलतो.

मी बोललो त्याच्याशी. भांडलो. दार आपटून बाहेर गेलो. परत आलो तर म्हणतो कसा, "दाराचा काय गुन्हा रे?" तेवढंच. फाईल तिथंच.

तुला आठवतं, तू पहिल्यांदा पोस्टर केलंस आणि सरांनी तुझं नाव सगळ्यात शेवटी टाकलं? त्यांच्या केबिनमध्ये कोण गेलं होतं? मी. कोण ओरडलं? मी. बाहेर येताना दार आपटलं आणि त्याची काच तडकली, त्यावरून मला कॉलेजातून पंधरा दिवस काढलं, आणि मी परत पाऊल ठेवलं नाही. कोणासाठी? आणि तू कँटीनमध्ये सगळ्यांदेखत विचारलंस, "तुला कोणी सांगितलं होतं?" थँक्यू नाही. "तुला कोणी सांगितलं होतं?"

असू दे. आता मी तुझ्याकडे एकच मागतो. मामूला दोन ओळी लिही, की हे औषध नाही, हॉस्पिटलला जा. तुझं तो ऐकेल. आमचं कोणाचंच ऐकत नाही. डॉक्टरीण म्हणते, लिव्हर अजून नळीचा इलाज सोसण्याइतकं चांगलं आहे, पण कायम राहणार नाही. तिनं हात दाखवून हिंदीत सांगितलं, "अभी दरवाजा खुला है. बाद में मफी." मफी म्हणजे इकडच्या बोलीत नाही.

तुझ्या शोधानं माणूस मरतोय, हुदा. लिही.

रागावलेला, आणि तरी तुझा,
राहील

*

जिदहफ्स
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५

हुदा,

वालेकुम सलाम. ताहिर परवा आला. आंबोळ्यांचं पीठ, सुके बोंबील आणि तुझं पाकीट. पाकीट मी लगेच उघडलं नाही. जनाबियाला ऑर्डरी पोचवायच्या होत्या. आमच्या फार्मसीची औषधं मी घरोघर नेतो, हे तुला कोणी सांगितलं असेलच. व्हिलांच्या फाटकांवर बेल दाबायची, पिशवी द्यायची, सही घ्यायची. शेवटच्या फाटकाबाहेर गाडी लावली आणि तिथंच वाचलं.

दीड पान. दीड वर्षानं दीड पान. ठीक आहे.

पण काय लिहिलंयस! माझ्यावरच चढलीस! म्हणे बातमी छापून आली त्याच दिवशी तू पेपरला खुलासा पाठवलास आणि त्यांनी तो आठव्या पानावर तीन ओळींत, बोअरवेलच्या जाहिरातीखाली छापला. हे मला कसं कळणार? बरं, ते सोड. चुकलं माझं. पण पुढचं? तू लिहितेस:

'पेशी प्लास्टिकच्या ताटलीत वाढवल्या होत्या. त्यांना ना पोट, ना रक्त, ना दुसरं लिव्हर. मी अर्क थेट त्यांच्या अंगावर ओतला. पेशी मारायला काय, ब्लीच ओतलं तरी मरतात. माणसानं गिळल्यावर त्यातलं काय पचतं, किती लिव्हरपर्यंत पोचतं, पोचून चांगल्या पेशींचं काय करतं, यातलं काही मला माहीत नाही. मी उंदरावरसुद्धा काम केलेलं नाही. सदाफुलीतून कॅन्सरचं खरं औषध निघालं, पण शेकडो किलो पानांतून ग्रॅमभर, आणि ते मोजून शिरेतून देतात. सदाफुली चावून कोणी बरं झालेलं नाही. माझं काम म्हणजे या रस्त्याचं पहिलं पाऊल आहे, राहील, आणि ते मी प्रामाणिकपणे टाकलंय. मामूंना त्या पावलावर झोपवलं कोणी?'

ही शेवटची ओळ मला फार लागली. तुला लागावी म्हणूनच लिहिलीस, हे पण कळलं.

आणि मग ते. 'मी पेपरात एक्स्ट्रॅक्ट लिहिलंय. त्याचा उतारा कोणी केला? ज्याला अर्क हा शब्द येत नाही, असा माणूस माझा पेपर कशाला वाचेल?'

गाडी वळवली आणि सरळ अलीमियाँच्या काउंटरवर गेलो. तुझ्या प्रश्नाला जवाब म्हणून गेलो असं समज. त्याच्या टेबलावर तुझी रांगच्या रांग. मी पहिला डबा उचलला आणि त्याच्या पुढ्यात आदळला.

"अलीमियाँ, ह्या मुलीला विचारलंत? तिचा फोटो लावायच्या आधी?"

"अरे बस, बस. चाय पी."

"चाय गेली खड्ड्यात! माझा मामू मरतोय तुमच्या पावडरीनं."

"माझ्या?" माणूस जागचा हलला नाही. शांतपणे चष्मा लावला, खणातून प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेला एक कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. "मी शिकलेला नाय, बाबा. मना विंग्रजी येत नाय. तुज्या मामूनं हा कागद मना आणून दिलान. शिकलेल्यानं लिवलाय म्हणून मी त्याच्यावर ईमान ठेवला. हा अक्षर कोणाचा?"

काउंटरवर तीन-चार माणसं होती. सगळी माझ्याकडे बघत होती. एक जण म्हणाला, "बोल ना यार, अभी क्यू चुप?"

अक्षर माझं होतं.

आता लिहिलं. झालं? तुझं समाधान झालं?

ऐक, मी काही कोणाला फसवायला बसलो नव्हतो. पाचवीपासून इंग्रजीच्या पेपरात काय लिहिलेलं असायचं? 'रीड द फॉलोइंग एक्स्ट्रॅक्ट.' आणि मराठीच्या पेपरात? 'खालील उतारा वाचा.' एक्स्ट्रॅक्ट म्हणजे उतारा, हे आपल्या डोक्यात छड्या मारून बसवलंय. तू पण त्याच बाकावर होतीस. मी घाईत लिहिलं. चुकून झालं. मराठी मीडियमच्या कोणाचंही झालं असतं. मामूला कळावं म्हणून चार ओळी मराठीत करून दिल्या, तो कागद मामूनं कौतुकानं दाखवत नेला, आणि अलीमियाँनं त्याचं दुकान मांडलं. यात माझा गुन्हा कुठे?

कागद मी त्याच्या हातातून ओढून घेतला. डबे त्यानं काढले नाहीत. म्हणाला, खिजरभाईनं येऊन सांगितलान तर काढतो.

मामूचं सांगतो. पोट जरा फुगलंय. घोट्यावर बोट दाबलं तर खड्डा पडतो आणि लवकर भरत नाही. स्वतःच बोट दाबून बघतो, जसा ओलं लाकूड बघायचा. मामी म्हणते, उतारा अंगातलं विष खाली ओढतोय, पायात उतरतोय. उतारा, उतरतोय! बघ, शब्दाला कसा पाय फुटलाय.

डॉक्टरणीनं मलाच फोन केला. बुधवारी १९ तारखेला रक्त तपासायचं, ठीक निघालं तर गुरुवारी सकाळी दहाला नळी घालायची. त्यानंतर पुन्हा विचारायला येऊ नका, असं नाही म्हणाली. पण आवाज तसाच होता.

मामूला दोन ओळी मागितल्या होत्या, त्या तू दिल्या नाहीस. 'त्यांना तू सांगायचं आहेस,' असं लिहिलंस. मी कसं सांगू? तुला वाटतं तेवढं सोपं नाही ते. तुला सगळं ठाऊक नाही.

आणि खाली, नावाच्याही खाली, तू एक ओळ लिहिलीस. 'मामूंना माझा सलाम सांग.' ती अजून पोचवलेली नाही. का, ते विचारू नकोस.

हे पोस्टानं टाकतोय.

चुकलो असेन, पण एकटा मीच चुकलो नाही, असं म्हणणारा,
राहील

*

जिदहफ्स
गुरुवार, २० फेब्रुवारी २०२५
सकाळचे सव्वानऊ

हुदा,

अस्सलामु अलैकुम. घरी सगळे खुशाल असोत. रमजान आठ-दहा दिवसांवर आलाय, तुमच्याकडे साफसफाई सुरू झाली असेल. इथं मी पण सफाईच करतोय. आधी पूर्ण वाच, मग फाड.

सोबत तो कागद जोडलाय, अलीमियाँकडून आणलेला. तिसरी ओळ बघ. 'भुईआवळ्याचा', त्यानंतर एक शब्द खोडलाय, आणि वर 'उतारा'. उजेडात धर, खालचा वाचता येतो. अर्क.

मला येत होता शब्द. दुसऱ्या वर्षाला अर्क वेगळा आणि काढा वेगळा यावर मीच तुझ्याशी तासभर भांडलो होतो. तू ते विसरली नाहीस, म्हणून तर तसं विचारलंस. शाळेतल्या उताऱ्याची गोष्ट मी तुला लिहिताना रचली. लिहिता लिहिता मलाच पटली, इतकी चांगली जमली होती.

आणि तुझ्या पेपरातल्या त्या वाक्याच्या शेवटी दोन शब्द होते. इन व्हिट्रो. काचेत. ते मी लिहिलेच नाहीत.

का, ते सांगतो. रोग कळल्यापासून मामू बोलत नव्हता. महिनाभर. कामावरून यायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा. बातमी आली तेव्हा मी तुझा फोटो त्याच्यासमोर धरला. एक महिन्यानं माणूस उठून बसला! "काय लिवलान आमच्या हुदानं? मना मराठीत करून दी." मी लिहायला बसलो. अर्क लिहिलं. 'अर्क' वाचून तो काय करणार होता? परत भिंतीकडे वळला असता. मी खोडलं. उतारा लिहिलं. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून मला आवरेना. मी म्हटलं, "मामू, हुदानं हे तुझ्यासाठी पाठवलंय. तुझं कळल्यापासून ती रात्रंदिवस तेच करत होती."

ते आजारी माणसाचं बोलणं नव्हतं. माझं होतं.

आणि अजून आहे. तू कँटीनमधून उठून गेलीस, नंबर ब्लॉक केलास, हे मी इथं कोणाला सांगितलेलं नाही. मामूला वाटत होतं आपलं बोलणं होतं. दर जुम्म्याला नमाजाहून आलो की मी सांगायचो, "हुदानं सलाम सांगितलाय." मामू हातातलं काम थांबवायचा, उजवा हात छातीवर ठेवायचा आणि जवाब द्यायचा. दीड वर्ष. मामी हसायची, "सून सलामांनीच घर भरतेय." म्हणून मला त्याला सांगता येत नव्हतं. उतारा खोटा आहे म्हटलं की पुढचा प्रश्न आला, मग हुदानं का पाठवलान? तो धागा ओढला की सगळं उसवणार होतं. माझा मामू मरत होता आणि मी आपलं लग्न वाचवत बसलो होतो, जे कुठेच नव्हतं.

तुझ्यावर केवढा ओरडलो मी! पेपरवाल्यावर, अलीमियाँवर, मशिदीबाहेरच्या माणसांवर. पहिल्या पत्रात लिहिलं, 'कोणीतरी मराठीत उतरवला'. कोणीतरी! ते वाक्य आठवलं की आता माझीच कॉलर धरावीशी वाटते, आणि ह्या वेळी सोडवायला मामूनं येऊ नये.

मंगळवारी दुपारी असरच्या नमाजानंतर सांगितलं. मामू बाल्कनीत सागाचा एक तुकडा घासत बसला होता. हातात जोर नाही, पण रिकामा बसत नाही. मी कागद त्याच्या मांडीवर ठेवला. खोडलेला शब्द दाखवला. काचेचं सांगितलं.

"म्हंजे काचेतला काम?" मामूनं विचारलं.

"हां."

"मानसातला नाय?"

"नाय, मामू. मानसात अजून कोणी करून बघितलेलंच नाय."

तो रागावला नाही. कागद नीट चौकोनी घडी करून परत दिला. मला वाटलं, सुटलो.

"नि हुदानं पाठवलान म्हणालास."

"नाय पाठवलान. तिला ठाऊक पण नव्हता तू आजारी आहेस."

"नि ते सलाम?"

मी कागदाची घडी परत उलगडली. खालून कुठल्या तरी गाडीचा हॉर्न वाजत राहिला.

"दर जुम्म्याला सांगत होतास. मी दर जुम्म्याला जवाब देत होतो. मी जवाब कोणाला देत होतो रे? हवेला?" हातातला पॉलिश पेपर त्यानं बाजूला ठेवला. "सलाम अमानत असते. दिली तर पोचवायची. आपण घडवायची नसते. लाकूड हाय काय ते?"

मामी आतून ऐकत होती. ती बाहेर आली नाही. थोड्या वेळानं मोरीत डबा रिकामा केल्याचा आवाज आला.

मामू म्हणाला, "बुधवारी रक्त देतो. गुरुवारी जातो हॉस्पिटलात. ताहिर नेल मना. तू गाडीत नको. नि आमी परत येयाच्या आत तुजा सामान काढ." आणि मला काही बोलायला जागा न ठेवता, "पानी दी," म्हणाला. मी पाणी दिलं. तो प्यायला. तेवढंच मला त्याच्यासाठी करू दिलं.

कालचा रिपोर्ट आला. डॉक्टरीण म्हणते, गाठ वाढलीय, कावीळ थोडी दिसतेय, नोव्हेंबरातलं लिव्हर आता नाही. पण करता येईल. 'करता येईल' म्हणाली, 'होईल' नाही म्हणाली. हा फरक मला आता कळतो. सहा आठवडे गेले, हुदा. ते तुझ्या भुईआवळ्यानं नाही खाल्ले.

आज साडेआठला ते निघाले. मामूनं निळी फाईल स्वतः फ्रिजवरून काढली, फुंकून धूळ उडवली. ताहिर खाली गाडी लावून वर आला होता. चेष्टेची एक ओळ त्याच्या तोंडात आली असावी, ती त्यानं गिळली. मामी बुरखा सावरत माझ्याकडे न बघता पुढे गेली, पण डब्यात माझ्यासाठी दोन घावन ठेवलेत हे मी नंतर बघितलं.

मामू चौकटीत पोचला तेव्हा मी म्हटलं, "मामू, एक राहिलाय. हुदानं सलाम सांगितलाय. ह्या वेळचा खरा हाय."

तो थांबला. माझ्याकडे वळला नाही. मी तुझं पत्र पुढे केलं. त्यानं ते माझ्याकडून घेतलं नाही, ताहिरला म्हणाला, "तू वाच."

ताहिरनं बोट ठेवून वाचलं, पहिलीतल्या पोरासारखं, एकेक अक्षर. "मामूंना... माझा... सलाम... सांग."

"तिचाच अक्षर?"

"तिचाच. पाकीट मीच आणलेला, चाचा."

मामूनं एक हात चौकटीला टेकवला होता. दुसऱ्या हातात फाईल होती, ती त्यानं बगलेत धरली, हात मोकळा केला आणि छातीवर ठेवला.

"वालेकुम सलाम," म्हणाला. मग मला, तसाच पाठमोरा, "कळव तिला. पोचला."

आणि जिना उतरायला लागला. एकेक पायरी, ताहिरच्या खांद्यावर हात.

तर कळवतोय. त्याचा वालेकुम सलाम तुला. शब्द त्याचेच आहेत, मी त्यात काही घातलेलं नाही आणि काही गाळलेलं नाही.

हॉस्पिटलला जाऊ की नको, ते मला कळत नाही. येऊ नको म्हणालाय, तर बाहेर फाटकाशी उभा राहीन. आत जाणार नाही. निकाल काय लागतो ते ताहिर तुला कळवेल, तू नंबर दिलास तर. माझ्याकडून कळवणं नको. सनाबिसला डिलिव्हरीवाल्यांच्या खोलीत एक पलंग रिकामा आहे, तिथं जातोय. अलीमियाँचं राहिलंय. मामूनं येऊन सांगावं म्हणाला होता, पण मीच जाईन, काउंटरवर त्याच चार माणसांसमोर सांगेन अक्षर कोणाचं आणि शब्द कोणाचा. तुझा फोटो काढायला लावीन. ओरडणार नाही.

तुझ्या नावानं मी आता कधी काही बोलणार नाही. भांडणार नाही, मिरवणार नाही, सलाम घडवणार नाही. कँटीनमध्ये विचारलं होतंस ना, "तुला कोणी सांगितलं होतं?" कोणीच नाही, हुदा. तेव्हाही नाही, आत्ताही नाही. तू तुझं काम कर. ताटलीपासून माणसापर्यंतचा रस्ता जेवढा लांब आहे तेवढा चाल. कोणी घाई केली तर त्याला हा कागद दाखव.

बॅग भरलीय. मामीच्या हातची चादर ठेवली, ती ह्या घराची आहे. चावी फ्रिजवर, जिथं फाईल होती तिथं. हे पाकीट खिशात घालतो, खालच्या पोस्टाच्या डब्यात टाकतो.

हे दार मामूनं बसवलंय. बिजागऱ्या त्यानं स्वतः निवडलेल्या. सोडून दिलं तर हळूच येऊन बसतं, आवाज करायचा असेल तर मुद्दाम जोर लावावा लागतो. दीड वर्ष मी लावला. आज बाहेर उभा राहून, मूठ धरून, शेवटपर्यंत हातानं ओढून घेतोय.

राहील